घरातलं घरातच का मिटवू नये?

शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, वीसेक वर्षं शिकवते आहे. मुलांवर घरातल्याच माणसाकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचाराविषयी बोलते, म्हणून चर्चच्या मंडळीतल्या बायका हळूच विचारतात: "घरातली गोष्ट. पाळकसाहेबांनी प्रार्थना करून मिटवली तर काय बिघडलं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. असं मिटवलेलं शास्त्रात, बायबलातच आहे, फक्त त्यावर उपदेश होत नाही. दुसरे शमुवेल, अध्याय 13. अम्नोनाने सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला. तिचा भाऊ अबशालोम म्हणाला, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. बाप दावीद राजा भयंकर संतापला आणि नुसता संतापूनच राहिला. तामार भावाच्या घरी उदास पडून राहिली. दोन वर्षांनी अम्नोनाचा खून झाला. मिटलं कुठे?

आमच्या नगरकडच्या एका मंडळीतही मिटवलं होतं. वर्षभरात मुलगी आणि तिची आई यायची बंद झाली. अत्याचार करणारा तिचा काका मात्र दर रविवारी दानाची थैली फिरवत राहिला. मीही त्या थैलीत पैसे टाकले.

तेव्हा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, नव्हता. 2012 च्या या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे, असं घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाळकांवरही. घडलेलं कळूनही लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून मंडळीच्या पंचकमिटीने चौकशी मांडू नये, मुलीला चौघांपुढे तेच तेच वदवू नये. जबाब शक्यतो महिला अधिकारी घेते, घरी येऊन, गणवेशाशिवाय. हे आईला आधी सांगा. तिची निम्मी भीती पोलीस स्टेशनच्या पायरीचीच असते. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबरही द्या.

उरलेली भीती पोटाची. आरोपी बहुधा कमावता असतो. आपल्यात मयत झाली की त्या घरी डबे जातात. अटक झाली की कोणी फिरकत नाही. मंडळीचं खरं काम इथून सुरू होतं: भाडं, शाळेची फी, कोर्टाच्या तारखेला सोबत.

क्षमेचं विचाराल, तर साताच्या सत्तर वेळा क्षमा करा हे येशूने आपल्या शिष्याला, पेत्राला सांगितलं होतं, दहा वर्षांच्या पोरीला नव्हे. तिला ते वचन कोणी ऐकवू नका. आणि पोलिसांत कळवलं त्याच रविवारी काकाच्या हातातली थैली काढून घ्या. निकाल लागायची वाट बघू नका.