आठ कोंबड्या आणि शून्य अंडी : नोव्हेंबर ते जानेवारीचा हिशोब

आधी स्टॉक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. चार गावरान (चिंगी, ढवळी, भुरी आणि म्हातारी), तीन ग्रामप्रिया (ही सुधारित जात) ज्यांना नावं नाहीत कारण तिघी सेम दिसतात, एक काळी कडकनाथ आणि एक कोंबडा. गाव वाईच्या पुढे. गणपतीत रोज चार-पाच अंडी निघत होती, दिवाळीनंतर दोनवर आली, मग एक, आणि ६ नोव्हेंबरला अंड्यांचं खोकं रिकामं. ७ ला पण रिकामं.

मी काय केलं तर जे सगळे करतात तेच, एकाच दिवशी सगळं. फीडची गोणी बदलली, लसूण ठेचून पाण्यात टाकला, मेथी भिजवून घातली, शिंपल्यांचा चुरा ठेवला, वर खुराड्यात बल्ब लावला. आता यातल्या एखाद्याने फरक पडला असता तरी कशाने पडला ते कळणार कसं? शिंपल्याचं तर तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, कारण कॅल्शियम कमी पडलं की आधी कवच पातळ यायला लागतं, बोटाने दबतं, आणि आमचं शेवटचं अंडं पण चांगलं टणक होतं.

सासूबाई दोन दिवस गप्प बघत होत्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं मेथी कसली घालतीस, आधी कोंबड्या चाचपून बघ की." मला चाचपता येत नव्हतं हे सांगायला लाज वाटली पण सांगितलं. मग ९ तारखेला सकाळी खुराडं उघडायच्या आधी त्यांनी एकेक कोंबडी काखेत धरली आणि मागच्या बाजूला बोटाने दाबून बघायला लागल्या. अंडं तयार असेल तर आत कडक गोल लागतं. शिवाय शेपटीखाली जी दोन टोकदार हाडं असतात त्यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघायचं, अंड्यावरच्या कोंबडीला दोन-तीन बोटं सहज मावतात, बंद झालेलीला जेमतेम एक. दहा मिनिटांत आठही कोंबड्यांचा रिपोर्ट तयार, आणि मी तीन दिवस नुसतं "अंडी बंद झाली" म्हणत बसले होते, जसं काही आठहीजणींनी मिळून संप केलाय.

चिंगी आणि ढवळी, दोघींच्या पोटात अंडं होतं! म्हणजे या दोघी देतच होत्या, फक्त आम्हाला नाही. दोघींना डालग्याखाली झाकलं, साडेनऊ-दहाला चिंगी आत अस्वस्थ होऊन फिरायला लागली तशी सोडली आणि लांबून मागे गेले, तर बाई गोठ्यामागे कडब्याच्या गंजीत शिरल्या. तिथे हात घातला तर अकरा अंडी. गंजी हलवताना सापाची पण भीती, त्यामुळे हात घालायच्या आधी काठीने ठोकून घ्या. अकराही अंडी पाण्यात टाकून बघितली, तीन वर तरंगली, ती पुरली. अंडं जुनं होईल तशी आतली हवेची पोकळी वाढते म्हणून तरंगतं. आता दोघींना सकाळी अकरापर्यंत बाहेर सोडत नाही आणि खोक्यात एक टेबल टेनिसचा बॉल ठेवलाय, त्याला अंडं समजून तिथेच बसतात. गावरान कोंबडीला फार हुशार म्हणतात ते मला आता पटत नाही.

भुरी खुडूक, म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागलेली. हे मला ओळखायला यायला हवं होतं, रिकाम्या खोक्यात पसरून बसलेली, हात नेला की फुगून कुर्र करायची, पोटाची पिसं स्वतःच उपटलेली आणि पोट गरम. खुडूक मोडायला गावात पाण्यात बुडवतात ते मला बघवत नाही. खालून हवा लागेल असा जाळीचा पिंजरा उंचावर टांगून तीन-चार दिवस त्यात ठेवली, दाणापाणी नीट दिलं, तरी मोडते. पण आई (म्हणजे सासूबाईच) म्हणाल्या बसलीच आहे तर रवण घालूया, अंडी उबवायला ठेवूया. गंजीतली ताजी आणि नंतर जमलेली मिळून नऊ अंडी १४ नोव्हेंबरला रात्री तिच्याखाली सरकवली. रात्रीच घालायची, दिवसा कटकट करते.

तिन्ही ग्रामप्रिया पिसं गाळत होत्या. खुराड्यात पिसांचा खच पडलेला आणि मी मांजरावर संशय घेत होते! मागच्या वर्षी पावसाळ्यात पिल्लं आणलेली, म्हणजे आता सतरा-अठरा महिन्यांच्या, पहिली मोठी पिसगळ याच वयात येते, त्यात दिवस लहान झालेला. पिसं जवळपास सगळी प्रोटीनचीच असतात, सगळा माल तिकडे खर्च होतो मग अंडं कुठून देणार. मानेवर निळसर नळ्यांसारखी नवी पिसं फुटलेली होती, त्यांच्यात रक्त असतं, दुखतात, म्हणून उचलणं बंद. भाताची कणी आणि शिळी भाकरी कमी केली (हे आपण लाडाने फार घालतो आणि फीडमधलं प्रोटीन पातळ करतो), त्याऐवजी सुकटीची पूड आणि थोडी शेंगदाणा पेंड. पेंड बुरशी न आलेलीच घ्या.

बल्बबद्दल लिहायलाच हवं कारण तिथे मी चुकले. कोंबडीला भरपूर अंड्यांसाठी चौदा-पंधरा तास उजेड लागतो आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांचा. उजेड तिला नुसता डोळ्यांनी नाही तर कवटीतून थेट मेंदूपर्यंत पण कळतो. म्हणून मी संध्याकाळी नऊपर्यंत एलईडी लावला, तर दुसऱ्याच दिवशी आठला लाईट गेली, एकदम काळोख, निम्म्या कोंबड्या अजून खालीच, झोपायच्या दांडीवर चढता येईना, फडफडाट, कोंबडा पाण्याच्या भांड्यात. लावायचाच तर पहाटे लावा, टायमरवर, म्हणजे संध्याकाळी आपोआप मावळतीला झोपतात. मी काढूनच टाकला, पिसं गळत असताना वर उजेडाचा दम देणं मला बरोबर वाटेना.

कडकनाथचं वेगळंच. तुरा सुकलेला, वजन हलकं. (नाही, तिची अंडी काळी नसतात, फिकट मळकट रंगाची असतात, हा प्रश्न आता पुरे.) रात्री मोबाईलचा टॉर्च घेऊन गेले आणि दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवलं तर फडक्यावर रक्ताचे बारीक डाग. दिवसा हे किडे फटीत लपतात, रात्री बाहेर येऊन रक्त पितात, म्हणून दिवसा कोंबडी तपासली तर काहीच सापडत नाही. डॉक्टर माइट्स म्हणाले, आईंच्या लेखी त्या पिसवाच. जुनी दांडी जाळली, खुराडं उकळत्या पाण्याने धुतलं, फटी चुन्याने बुजवल्या, औषध डॉक्टरांनी दिलं ते आणि तेवढंच. शेतातलं फवारणीचं औषध मारू नका, आमच्या ओळखीत एकाच्या चार कोंबड्या त्यानेच गेल्या. औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत ते पण विचारून घ्या. कोपऱ्यात चुलीच्या राखेचा ढीग केलाय, सगळ्या त्यात लोळतात.

म्हातारी पाच वर्षांची, हाडांमध्ये एक बोट पण धड मावत नाही. आई म्हणाल्या रविवारी बघू. मी विषय बदलला.

५ डिसेंबर : भुरीची सात पिल्लं निघाली, दोन अंडी वांझ. सातव्या दिवशी टॉर्चवर धरून बघितलं तेव्हाच ती दोन कोरी दिसत होती पण काढायला धीर झाला नाही. भुरी आता फेब्रुवारीपर्यंत अंडी देणार नाही, पिल्लांमागे आहे.

२० डिसेंबर : चिंगी, ढवळी दिवसाआड खोक्यात. कडकनाथचा तुरा फुगलाय, अंडं अजून नाही. ग्रामप्रिया नवीन पिसांत एकदम नवऱ्या मुलीसारख्या आणि तितक्याच निरुपयोगी.

११ जानेवारी : खोक्यात तपकिरी अंडं, दोन महिन्यांनी पहिलं, जरा लहान आणि टोकाला रक्ताची बारीक रेघ. तिघींपैकी कुणाचं ते माहीत नाही. कडकनाथने पण दिलं. एकूण आजची अंडी चार.

म्हातारी आहे अजून. पिल्लांवर घार आली की सगळ्यात आधी तीच ओरडते, हे मी आईंच्या कानावर घातलंय.