कोयनाकाठची गुटी आणि नरक्याचे बुंधे

दिवाळीनंतर कोयनानगरला गेलो. नेहरू उद्यान झालं, ओझर्डे धबधब्याची बारीक झालेली धार पाहिली, रस्त्यानं हाडं खिळखिळी केली. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लिहायचंय ते पाटण तालुक्यातल्या एका वाडीतल्या आजींबद्दल. झाडपाल्याचं औषध देतात म्हणून आसपासच्या वाड्यांतून लोक त्यांच्याकडे येतात.

आम्ही पोचलो तेव्हा ओसरीवर सहाण मांडून त्या शेजारच्या बाळीची गुटी उगाळत होत्या. सहाणेवर आईच्या दुधाचे थेंब, त्यात हळकुंडाचा एक वेढा, बाळहिरड्याचे दोन. मुरुडशेंग हातात घेऊन थांबल्या, बाळीचं पोट बोटांनी चाचपलं आणि आईला म्हणाल्या, "रातच्याला लई रडली न्हवं? मग हिचं आज दोन." जायफळ मात्र जेमतेम टेकवून उचललं. "ह्यानं गुंगी येती. पोर निजावं म्हणून जास्त उगाळत्यात काहीजणी. मी सहाणंला हात लावू देत न्हाई त्यास्नी."

मला सगळ्यात भावलं ते हे माप. आव पडली की त्या कुड्याची साल देतात, पण झाडाच्या एकाच अंगाची काढतात आणि उघड्या जागी शेण लिंपतात. साल सभोवार सोलली की झाड वाळतं. कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर स्वतः काही करत नाहीत, तडक पाटणच्या दवाखान्यात धाडतात. पैसे घेत नाहीत, "पैका घेतला की गुण येत न्हाई." गुळाचा चहा घेतल्याशिवाय मात्र आम्हाला उठू दिलं नाही. आमच्यातल्या एकाला घरी न्यायला मुळ्या विकत हव्या होत्या. "पोट बघितल्याबिगर कुणाला द्यायच्या?" एवढंच बोलून त्यांनी विषय संपवला. मला फार बरं वाटलं.

मग घरामागच्या चढावर नेऊन त्यांनी नरक्याच्या झाडांचे तोडलेले बुंधे दाखवले. १९६६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना एका चिनी झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य सापडलं. आपल्या घाटातल्या नरक्यातही ते आहे. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं त्यावरूनच आली. औषधं हवीतच, किती घरांना त्यांचा आधार आहे. पण इथे अख्खं झाड आडवं करून, ढलप्या पोत्यांत भरून रातोरात घाटाबाहेर जातं, आणि धरली जातात ती रोजावर कुऱ्हाड चालवणारी वाडीची पोरं. मालाचा धनी कधी सापडत नाही, असं वाडीतले सांगतात. ते ऐकून माझं डोकं फिरलं, अजूनही फिरतं.

दलाल आजींकडेही येऊन गेला होता, झाडं कुठं आहेत ते दाखवा म्हणून.

"मी म्हणलं, तुझ्या घरात कोण आजारी हाय? त्येला घिऊन ये," आजी म्हणाल्या. "झाड न्हाई दावायची."