आमचा पंगस आणि खोक्यातला बासा

दिवाळीआधी नंदुरबारच्या एका हॉटेलात माशाचा भाव ठरवायला गेलो होतो. ओट्यावर पुठ्ठ्याचं खोकं उघडं पडलेलं, आत बर्फाचं कवच चढलेल्या पांढऱ्या तुकड्या. आचाऱ्यानं एक तुकडी नळाखाली धरली. बर्फ उतरला तशी ती बारीक झाली. कातडी नाही, काटा नाही, वास नाही. खोक्यावर व्हिएतनामचं नाव. "हा बासा, दादा. गिऱ्हाईक हाच मागतं."

ती तुकडी मी हातात घेऊन बघत राहिलो. बासा म्हणजे पंगसच की! तोच मासा तिथून तासा-दीड तासाच्या वाटेवर आमच्या पाण्यावर तरंगणाऱ्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढतोय.

उकाई धरण १९७२ ला झालं आणि तापीचं पाणी नवापूर तालुक्यातल्या शेतांवर चढलं. माझ्या आजोबांची जमीन त्यातच गेली. आज त्याच पाण्यावर आमच्या मच्छीमार सोसायटीचे पिंजरे तरंगतात. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडल्यापासून मासा किलोचा व्हायला सात-आठ महिने जातात आणि किलोमागे दीड किलोच्या आसपास खाद्य लागतं. खर्चाचा मोठा वाटा तोच. म्हणून २०२४ च्या अर्थसंकल्पात मासळीच्या खाद्यावरचं आयात शुल्क ५ टक्क्यांवर आणलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं.

तयार माशाची गोष्ट वेगळी. बाहेरून येणाऱ्या मासळीवर आपलं नेहमीचं शुल्क ३० टक्के. पण आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाशी केलेला व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे आणि व्हिएतनाम त्यात आहे. अशा करारात कुठल्या मालाला सवलत द्यायची आणि कुठला सवलतीबाहेर ठेवायचा, त्या यादीवर आमचं पोट अवलंबून असतं. केरळात २००९ लाच या कराराविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते. आमच्याकडे तेव्हा त्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.

बाहेरून येणाऱ्या बाशाचा परिणाम मला धरणाच्या काठावर दिसतो. व्यापारी टेम्पो लावतो आणि म्हणतो, "बासा स्वस्त पडतोय, पाच रुपये कमी करा." मासा पाण्याबाहेर काढलेला असतो, बर्फ पाझरायला लागलेला असतो. आम्ही हो म्हणतो. तिकडचा माल गोठवलेला, महिनोन् महिने थांबू शकतो. आमचा मासा संध्याकाळपर्यंतही थांबत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की करारात बदल करताना पंगसवरचं शुल्क उतरवू नका, आणि ते आहे तोवर तालुक्यात बर्फाचा कारखाना आणि तुकड्या काढायचं युनिट उभं करा. नुसतं शुल्क ठेवलं तर गिऱ्हाइकाला महाग पडेल आणि आम्ही काठावरच राहू.

दुसऱ्याच्या शुल्काचा फटकाही घरात बसलाय. चुलतभाऊ सुरतेकडे, ओलपाड भागात झिंग्याच्या तळ्यावर कामाला होता. २०२४-२५ मध्ये भारतातून ७.४५ अब्ज डॉलरची मासळी बाहेर गेली, त्यातली २.७१ अब्जांची एकट्या अमेरिकेत. त्याच अमेरिकेनं २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या मालावर ५० टक्के लावले आणि इक्वेडोरच्या झिंग्याला १५. तळ्याच्या मालकानं पुढचं बी टाकलंच नाही. भाऊ दिवाळीच्या पंधरा दिवस आधीच अंथरूण-पांघरूण घेऊन दारात उभा.

आता तो आमच्याबरोबर पिंजऱ्यावर येतो. मागच्या आठवड्यात आम्ही दोघांनी आणि वहिनीनं घरच्या ओट्यावर दहा किलो पंगस सोलला. साडेतीन किलोच तुकड्या निघाल्या. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून त्याच आचाऱ्याकडे नेल्या. त्यानं एक नळाखाली धरली, बोटांनी दाबून पाहिली. काटा राहिलेल्या दोन परत दिल्या, बाकीच्या ठेवून घेतल्या. सोमवारी परत बोलावलंय.