गरोदरपणात व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) रिअ‍ॅक्टिव्ह आली, माझा अनुभव

नाव गाव सांगत नाही. पण मी शोधत होते तेव्हा भिंतीवरच्या 'गुप्तरोग शर्तिया इलाज' टाइप गोष्टींशिवाय काही सापडत नव्हतं, म्हणून लिहितेय.

चौथ्या महिन्यात सिव्हिलला नाव नोंदवलं, तिथे सगळ्याच जणींचं रक्त घेतात, हिमोग्लोबिन, शुगर, एचआयव्ही आणि सोबत व्हीडीआरएल. माझी रिअ‍ॅक्टिव्ह आली, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाचा संशय. मला ना कधी जखम ना पुरळ, वाटलं रिपोर्टच बदललाय. गरोदरपणात ही टेस्ट कधी कधी उगाच पण रिअ‍ॅक्टिव्ह येते म्हणून टीपीएचए ही खात्री करायची दुसरी रक्ततपासणी केली, तर तीही पॉझिटिव्ह.

मग समुपदेशक मॅडमनी बसवून सांगितलं. जखम होते पण दुखत नाही, बाईला आतल्या बाजूला झाली तर दिसतच नाही, काही आठवड्यात आपोआप भरते आणि रोग मात्र अंगात राहतो, वर्षानुवर्षं. संबंधातून लागतो, पोटातल्या बाळाला वारेतून जाऊ शकतो. संडास, टॉवेल, एका ताटात जेवण यातून नाही (आमच्या सासूबाईंना हे कोण सांगणार).

मी एकच विचारत होते, आला कुणाकडून? तर ते टेस्टवरून कळतच नाही. त्याच्याकडून मला की माझ्याकडून त्याला, लग्नाआधीचा की नंतरचा, काहीच नाही. तेव्हा जाम राग आला, मला कुणालातरी धरायचं होतं ना. पण नवऱ्याला सांगताना तेच कामी आलं, दोष कुणाचा हा विषयच निघाला नाही, निदान त्या दिवशी तरी. त्याचीही रिअ‍ॅक्टिव्ह आली.

गरोदर बाईला यावर पेनिसिलीनच देतात. आधी अ‍ॅलर्जी बघायला टेस्ट डोस, मग 24 लाख युनिटचं इंजेक्शन कमरेत, लागण कधीची माहीत नव्हती म्हणून आठवड्याला एक अशी तीन. घट्ट दुधासारखं औषध असतं आणि भयंकर दुखतं, गाडीवर बसून घरी जायचा विचारही करू नका. डोस लांबला तर परत पहिल्यापासून, म्हणून भर पावसात पण गेले. नवऱ्याचेही सोबतच झाले, नाहीतर मला परत त्याच्याकडून लागण. तोवर संबंध बंद.

नंतर व्हीडीआरएलचं टायटर (किती जोरात रिअ‍ॅक्टिव्ह आहे त्याचा आकडा) 1:16 वरून 1:4 वर आलं, म्हणजे औषध लागू पडलं. मुलगी झाल्यावर तिचंही रक्त घेतलं, अजून मधे मधे घेतात, तब्येत छान आहे.

आणि हो, केसपेपर फाडू नका. टीपीएचए बरं झाल्यावरही बहुतेक पॉझिटिव्हच राहते, पुढच्या वेळी नवीन डॉक्टरला आधीचं टायटर आणि इंजेक्शनच्या तारखा दाखवायला लागतात.