तुम्ही विचारलंत म्हणून : बोटीचं नाव टिटवी का?

"ताई, एवढे पक्षी पडलेत आणि बोटीला टिटवीच कशाला?" रेवदंड्याच्या धक्क्यावर, लग्नकार्यात, फोनवर, सगळीकडे हे विचारलं जातं. दरवेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि ते मला स्वतःलाच पुरत नाही, म्हणून आज नीट लिहिते.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, टिटवी ही माझी छोटी फायबरची शिडाची बोट आहे, एक डोलकाठी आणि वारा पडला तर मागे लावायला लहानसं आउटबोर्ड इंजिन. मासेमारीची नाही, हौसेची. कुंडलिका खाडीत उभी असते. सुट्टीच्या दिवशी पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा असेपर्यंत ओहोटीबरोबर बाहेर पडायचं, कोर्लईचा किल्ला डाव्या हाताला ठेवायचा, आणि दुपारचा समुद्रावरचा वारा सुरू झाला की भरतीबरोबर घरी.

आता आमच्या बंदरात बोटींची नावं कशी असतात ते तुम्हाला माहीतच आहे. एकवीरा, महालक्ष्मी, जय मल्हार, नाहीतर आईचं नाव, लेकीचं नाव. मला ती नावं मनापासून आवडतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे, जे रात्र रात्र बाहेर असतात त्यांनी देवाला सोबत न्यावं हे बरोबरच आहे. पण मी चार तास फिरून येणारी बाई, माझ्या हौसेसाठी देवाला कामाला लावणं मला पटेना. आणि सी क्वीन, ड्रीम वगैरे तर नकोच होतं, असल्या नावाची बोट कुठल्याही किनाऱ्यावरची असू शकते, आमच्या खाडीची कशी कळणार.

टिटवीबद्दल आपल्याकडे काय बोलतात ते सांगायला नको. रात्री ओरडली की कोणीतरी जाणार. लहानपणी आमच्याकडे तिचा आवाज आला की बायका बोलणं थांबवायच्या. शेजारच्या बोटीचे नाखवा तर रंगारी बोटीवर नाव रंगवत असतानाच म्हणाले, "ताई, रंग ओला हाय तवर पुसा." त्यांचं चूक नव्हतं, काळजीनेच म्हणत होते.

पण ती ओरडते का हे एकदा खाडीच्या कडेला बसून बघा. टिटवी घरटं असं बांधतच नाही, उघड्या जमिनीवर जरा खोलगट जागा, आजूबाजूला चार खडे, आणि त्यात तीन-चार अंडी, रंगाने मातीसारखी, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. झाड नाही, आडोसा नाही. मग राखणार कशी? ओरडून. कुत्रा आला, मुंगूस आलं, माणूस आला, घार फिरली की ती उठते आणि अख्खी खाडी जागी करते, दिवस असो की रात्र, आणि तरी कोणी पुढे आलंच तर सरळ डोक्यावर झेप घेते. उन्हाळ्यात पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, ती तापू नयेत म्हणून. म्हणजे ज्या आवाजाला आपण मरणाचा निरोप समजतो तो खरं तर राखणदाराचा आवाज आहे. समुद्रावर मला माझ्या बोटीकडून दुसरं काय हवंय? ढग बदलला, शीड फडफडायला लागलं, दोरी करकरली तर तिने आधी सांगावं, मी ऐकावं.

आणि ती गोष्ट तर आहेच. पंचतंत्रातली, समुद्र टिटवीची अंडी पळवतो ती. टिटवा म्हणतो मी चोचीने समुद्र आटवीन, सगळे पक्षी गोळा होतात, गाऱ्हाणं गरुडापर्यंत जातं, गरुड विष्णूकडे, आणि शेवटी समुद्राला अंडी परत द्यावी लागतात. टिटवी देखील समुद्र आटवते ही म्हण आपण शाळेत पाठ केली आणि विसरलो. समुद्राशी भांडून जिंकलेला पक्षी आपल्या गोष्टींत हाच, आणि त्याचं नाव बोटीला चालत नाही म्हणजे कमालच आहे.

तसं बघायला गेलं तर लांब गेलेल्या बोटींची नावंही सरधोपट नाहीत. ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ज्या बोटीतून एकटे, कुठेही न थांबता ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती सुहैली आपल्या मुंबईतच बांधलेली, सागवानाची, ३२ फुटी. नाव एका वाऱ्याचं, इराणच्या आखातातले अरब खलाशी त्या वाऱ्याला सुहैली म्हणतात. आपल्या लष्कराच्या इंजिनिअर्सनी १९८५ ते ८७ मध्ये जगप्रदक्षिणा केली त्या बोटीचं नाव तृष्णा, विचार करा, खाऱ्या पाण्यावर निघालेल्या बोटीला तहानेचं नाव! आणि नौदलाची म्हादेई, गोव्यात बांधलेली आणि गोव्याच्याच नदीचं नाव मिरवणारी, तिच्यातून नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे एकटे जग फिरून आले २०१० मध्ये. ही नावं ऐकली की बोट कोणाची, कुठली, कशाच्या ओढीने निघाली ते कळतं. मला माझ्या एवढ्याशा बोटीसाठीही तेच हवं होतं.

नाव ठेवणार असाल तर एक व्यवहाराची गोष्ट मात्र आधी बघा, ती कोणी सांगत नाही. हे नाव तुम्हाला रेडिओवर बोलायचं असतं. चॅनल १६ वर संकटाचा कॉल द्यायची वेळ आली तर बोटीचं नाव तीनदा उच्चारायचं, तेही वाऱ्यात, इंजिनाच्या आवाजात, घाबरलेलं असताना. लांबलचक संस्कृत नाव तिथे अडकतं, एकाच बंदरात चार बोटींचं असलेलं नाव तर धोक्याचंच, मदत कोणाला पाठवायची? टिटवी, टिटवी, टिटवी. दोन्ही ट खणखणीत ऐकू जातात. स्पेलिंग विचारलं तर रेडिओवरच्या अक्षरांच्या नावांत टँगो इंडिया टँगो व्हिक्टर इंडिया, संपलं. मी घरात खिडकी उघडी ठेवून, मिक्सर चालू करून, मोठ्याने म्हणून बघितलं होतं, तुम्हीही बघा, कागदावर सुंदर दिसणारी बरीच नावं तिथेच गळतात.

नाखवांचं म्हणाल तर त्यांची समजूत मी घातली नाही, वादही घातला नाही. फक्त नारळी पौर्णिमेला टिटवीचा नारळ तुम्हीच सोडा म्हटलं. त्यांनी सोडला, नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, आणि आता खाडीतून बाहेर पडताना त्यांची बोट आडवी आली तर तेच लांबून "टिटिव, टिटिव" ओरडतात. त्यांच्या घरी अजून कोणाला हे नाव आवडत नाही, त्याला माझी हरकत नाही.

आणि हो, मागे बांधायला एक वल्ह्याची छोटी होडी घेतेय, तिचं नाव काय हेही दोघा-तिघांनी विचारलंय. बहुतेक तुतवार. पावसाळा संपला की खाडीच्या कडेला येतो तो छोटा पक्षी, सारखी शेपटी वरखाली करत चालणारा, आणि दोरीला बांधलेली होडीही लाटेवर अशीच करणार. नाखवांना अजून विचारलेलं नाही.