करकर सापडली, पण मी शोधत होतो तिथे नाही

मागच्या नोंदीत मी ठासून लिहिलं होतं की माझ्या सायकलची करकर बॉटम ब्रॅकेटमधूनच (पॅडलचा आस फ्रेममध्ये जिथे फिरतो ते बेअरिंग, थोडक्यात बीबी) येतेय. साफ चुकलो. बीबी निर्दोष होता आणि तो दोनदा उघडून परत बसवण्यात माझे दोन रविवार गेले.

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी: अॅल्युमिनियमची फ्रेम, क्विक रिलीजचं (लिव्हर फिरवून पान्याशिवाय निघणारं) मागचं चाक, २४ मिमी पोकळ अॅक्सलचा, म्हणजे आसाचा, क्रँक (पॅडल ज्याला जोडतात तो दांडा). चढावर जोर लावला की उजवा पाय खाली जाताना एकदा 'कर्र'. पॅडल मारणं थांबवलं की आवाज बंद, म्हणून चाकांच्या बेअरिंगवरचा संशय कमी झाला. सीटवरून उठून मारलं तरी तसाच, म्हणजे सीट, तिच्या खालच्या दांड्या आणि सीटपोस्ट सुटले. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली, हेडसेटही (हँडल जिथे फिरतं ते बेअरिंग) गप्प. मग उरलं काय? पॅडल, क्रँक, चेनरिंग (पुढचं दातचक्र), बीबी. ही यादी करताना मी फक्त फिरणारे भाग धरले, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

दिवस ४. दोन्ही पॅडल काढली. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे पाठ असूनही पहिला झटका चुकीच्या दिशेनेच दिला, दरवेळी देतो. आटे पुसून ग्रीस लावलं. त्याच दुपारी मागचं चाक पंक्चर झालं म्हणून तेही काढून लावलं. संध्याकाळी चढावर एकदम शांतता! वहीत लिहिलं, 'पॅडल. विषय संपला.'

दिवस ६. विषय संपलेला नाही. चढाच्या दुसऱ्या वळणावर कर्र.

मग एकाच पायाने मारून बघितलं. फक्त उजव्या पायाने आवाज येतो, फक्त डाव्यानेही येतो, जरा हळू इतकंच. म्हणजे उजव्या पॅडलचा दोष नाही. ते रिकामं फिरत असतानाही कुरकुर चालूच. इथे खरं तर डोक्यात दिवा लागायला हवा होता. त्याऐवजी मी बीबीचा पाना काढला.

दिवस ९ आणि १६. बीबी. उजव्या बाजूच्या कपाला (बेअरिंग धरणाऱ्या वाटीला) उलटे आटे, डावीकडे सरळ. कप काढले, फ्रेममधले आटे ब्रशने साफ केले, ग्रीस, पुन्हा घट्ट. डाव्या क्रँकचे दोन बोल्ट टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने) १३ न्यूटन मीटरला आवळले, थोडा एक, थोडा दुसरा, असं आलटून पालटून. चेनरिंगचे बोल्टही एकेक काढून ग्रीस लावून बसवले. ही कामं वाया गेली असं म्हणणार नाही, आतली माती बघून मलाच लाज वाटली. करकरीवर मात्र काडीचाही परिणाम नाही. आठवड्याने हेच सगळं पुन्हा केलं, कारण मला अजूनही वाटत होतं की काहीतरी नीट बसलं नसेल.

दिवस १८. रात्री वही चाळत होतो. चौथ्या दिवसाची नोंद वाचताना अडखळलो. त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या होत्या, श्रेय मी एकीलाच दिलं होतं. चाक काढून लावलं की दोन दिवस शांतता!

मान्य, कानाला आवाज बीबीतूनच आल्यासारखा वाटायचा. पण फ्रेमच्या नळ्या पोकळ, मागे झालेली टकटक त्यातून पुढे पोचते आणि ऐकणारा वर बसलेला असतो. शिवाय पाय जोरात दाबला की चेन ताणली जाते आणि मागचं चाक, त्याचा अॅक्सल, फ्रेमचं टोक सगळ्यांवर तोच ताण येतो. म्हणून पायाच्या लयीत आवाज आला तरी तो पायाजवळच असेल असं नाही.

दिवस १९. धाकट्या भावाला कामाला लावलं. मागचा ब्रेक करकचून धरून उजव्या पॅडलवर भार द्यायचा, सोडायचा, परत द्यायचा. मी खाली बसून एकेका सांध्यावर बोट ठेवत गेलो, अर्धं बोट एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. बीबीच्या कपावर काही नाही. चेनरिंगवर काही नाही. मागे डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्याला लटकतो ती पट्टी, फ्रेमला जिथे टेकतो तिथे बोट नेलं आणि बोटाखाली बारीकशी टक्क लागली.

"दादा, अजून किती वेळ दाबू?"

"दाब रे, सापडलाय!"

आता मात्र एका वेळी एकच. आधी फक्त क्विक रिलीजच्या दांडीची टोकं आणि फ्रेमच्या खाचा पुसल्या, दांडीला हलकं तेल दिलं, लिव्हर अर्ध्यावर आल्यावर जोर लागेल इतकी आवळली. चढ चढून आलो. आवाज कमी, पण आहे.

मग हँगर काढला. दोन छोटे बोल्ट, त्यातला एक हाताने फिरेल इतका सैल. हँगर आणि फ्रेम यांच्या मध्ये काळा चिकट थर, धूळ आणि जुनं तेल मिळून झालेला. दोन्ही बाजू स्पिरिटने पुसल्या, टेकणाऱ्या पृष्ठभागावर ग्रीसचा अगदी पातळ हात, बोल्टच्या आट्यांना थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक). ग्रीस आट्यांवर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर थ्रेडलॉक धरत नाही.

दिवस २३. तोच चढ चार वेळा. पावसात एकदा, कोरड्यात तीनदा. काही नाही. चेनची सळसळ आणि माझा श्वास, दोन्ही ऐकू येतात.

हँगर किंचित वेगळा बसल्यामुळे मागच्या तिसऱ्या दातचक्रावर चेन जरा उशिरा चढत होती. केबलचा बॅरल (तिचा ताण जुळवणारा स्क्रू) पाव फेरा सोडल्यावर तेही सुटलं. चौथ्या दिवसाच्या नोंदीतला 'विषय संपला' मी खोडला नाही, त्याच्या बाजूला प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.