टब काढला, दांडा राहिला

कोथरूडचं एक काम संपलं, बिलही मिळालं, तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. काका सत्तरीपुढचे, काकूंचे गुडघे गेलेले, मुलगा परदेशात. टब काढून तिथे वॉक-इन शॉवर करायचा होता. टबात आंघोळ कोणी करत नव्हतंच, गुरुवारी पाणी बंद असलं की आदल्या रात्री भरून ठेवायचा, पुण्यातले निम्मे टब याच कामाला आहेत असं माझं मत.

टब अख्खा निघत नाही, वीटकामात चिणलेला असतो, ग्राइंडरने कापावा लागतो आणि त्या फायबरची बारीक कुसळं अंगात शिरली की आंघोळ करूनही खाज जात नाही. खाली बघितलं तर वेस्ट पाइप ट्रॅपला, म्हणजे वास अडवणाऱ्या जाळीखालच्या भांड्याला, जोडलेलाच नाही, नुसता वर सोडून दिलेला! म्हणजे इतकी वर्षं थोडं थोडं पाणी कोब्यात, म्हणजे फरशीखालच्या भरावात, मुरतंय, खालचे बिचारे छत रंगवतायत आणि सोसायटी म्हणतेय बाहेरच्या भिंतीतून ओल येते. सगळा कोबा काढला. स्लॅब संकन, म्हणजे बाथरूमपुरती खाली घेतलेली, होती म्हणून ट्रॅप खाली घेता आला, नाहीतर खालच्यांच्या छतातून पाइप न्यावा लागला असता आणि मग काय ती भांडणं.

वॉक-इनमध्ये खरी मेहनत ढाळाची. उंबरा नाही, त्यामुळे पाण्याला अडवणारं काहीच नाही. फुटाला साधारण 4 मिमी उतार दिला, लांब चॅनल ड्रेन भिंतीलगत टाकला म्हणजे उतार एकाच बाजूला राहतो. डिझायनर मॅडमना 2 बाय 4 फुटी चकचकीत टाइल हवी होती, मी अँटीस्किडच लावली, त्यावरून दोन दिवस अबोला. वॉटरप्रूफिंग करून 48 तास पाणी तुंबवून ठेवलं, खालच्यांच्या छताला पेन्सिलने जुन्या ओलीची कड आखून ठेवली होती, ती तसूभर सरकली नाही. काचेचं माप मात्र टाइल लागल्यावरच घ्यायचं, टफन काच एकदा भट्टीतून आली की मिलिमीटरही कापता येत नाही, आणि आपल्याकडे भिंती ओळंब्यात असतात कुठे?

आता मूळ गोष्ट. धरायला दांडा, म्हणजे ग्रॅब बार, मी पहिल्याच दिवशी सांगितलेला. मॅडम म्हणाल्या हॉस्पिटल वाटेल. काका म्हणाले, "मी काय पेशंट आहे का रे?" मुलाने व्हिडिओ कॉलवर ऐकून घेतलं आणि बाबा म्हणतील तसं म्हणून मोकळा झाला. काकू दारात उभ्या होत्या, त्यांना कोणी विचारलंच नाही.

ती शाफ्टकडची, म्हणजे पाइपांच्या डक्टकडची, भिंत पोकळ ब्लॉकची, तिथे नुसता फास्टनर मारला तर माणसाचं वजन आल्यावर उपटून हातात येईल. म्हणून टाइल लावायच्या आधी तेवढ्या पट्ट्यातले ब्लॉक फोडून काँक्रीट भरून घेतलं, मापाची टेप लावून फोटो काढले. बिलात धरलं नाही. बेसिनखालच्या कपाटाच्या दाराला आतून मार्करने मापं लिहिली आणि काकूंना दाखवली, म्हटलं उद्या कोणालाही बोलवा, तासाभराचं काम आहे. त्या म्हणाल्या, "यांना नको सांगूस."

परवा त्याच मॅडमनी बाणेरची साइट दिलीये. ड्रॉइंगमध्ये काच आहे, रेन शॉवर आहे, बार नाही. घरात कोणी म्हातारं आहे का विचारलं तर म्हणाल्या, "का?"